तेता मारुशाची गाठोडी

मी पहिल्यांदा पाणी मागितलं ते 'आपा' म्हणून. नागपूरला जाणाऱ्या पत्रांत आईने ही गोष्ट कधी येऊ दिली नाही. 'नली बोलायला लागली' एवढंच तिने कळवलं, काय बोलायला लागली ते नाही. बाबांना मात्र याची भारी गंमत वाटायची. "अगं, संस्कृतातसुद्धा आप म्हणजे पाणीच की! पोरगी थेट वेदांपासून सुरुवात करतेय," असं ते म्हणायचे आणि आई हातातलं पातेलं जरा जोरात ओट्यावर ठेवायची. तिचं दुःख मला आज कळतं. आई हॉस्पिटलात नर्स, बाबा बसवर ड्रायव्हर, दोघांच्या शिफ्टा उलटसुलट. मला सांभाळायला नॉटिंगहॅममध्ये ना आजी होती ना मावशी. मग शेजारच्या काळ्या कपड्यांतल्या विधवा बाईकडे मला ठेवायचं ठरलं. आईला वाटलं, पोर निदान लवकर इंग्रजी तरी शिकेल. हात तिच्या! त्या बाईला इंग्रजी आमच्याहून कमी येत होतं.

तिला मी तेता म्हणायची. त्यांच्या भाषेत तेता म्हणजे आत्या किंवा मावशी. तेता मारुशा. आमच्या रस्त्यावरची घरं लाल विटांची, एकमेकांना खेटून उभी. तेताची आणि आमची भिंत एकच होती. भिंतीच्या या बाजूला फोडणीचा वास, त्या बाजूला लोकरीचा. तिच्या घरात शिरलं की आधी तो ओलसर, तेलकट लोकरीचा वास नाकात जायचा आणि मग चुलीवर तापणाऱ्या लोण्याचा. हातात कायम टकळी. दुकानात जातानाही ती सूत काढत चालायची, त्यामुळे रस्त्यावरची इंग्रज पोरं तिला चेटकीण म्हणायची. ती त्यांच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. मी मात्र जीभ काढून दाखवायची. तोंडाळपणा मला तेव्हापासूनचा आहे, नंतर लागलेला नाही.

वसंतात आम्ही दोघी रेल्वेलाइनच्या कडेला नेटलची कोवळी पानं खुडायला जायचो. अंगाला लागली की आग आग करणारी ती पानं, पण तेता उघड्या हातांनी खुडायची. घरी आल्यावर ती मैद्याचा गोळा घ्यायची आणि काठीसारख्या बारीक, लांबलचक लाटण्याने इतकी पातळ पोळी लाटायची की खालच्या टेबलावरची नक्षी दिसायची. अशा पोळ्यांचे थर, मध्ये ती पानं आणि नळाला फडक्यात टांगून ठेवलेल्या दुधाचं घरचं चीज. मोठ्या परातीत भाजलेल्या या प्रकाराला ती पीता म्हणायची. आईने एकदा ते टांगलेलं फडकं पाहिलं आणि न राहवून म्हणाली, "हा तर आपला चक्काच की!" त्या दिवशी पहिल्यांदा दोघी हसल्या. एरवी त्यांचं बोलणं म्हणजे 'शी ईट गुड' आणि 'थँक यू' एवढंच.

आणि गाणी. तेता काम करताना गायची ती गाणी तिघी-चौघींनी मिळून म्हणायची असतात. एक सुरू करते, दुसरी उचलते, बाकीच्या खालचा सूर धरून ठेवतात. ती एकटीच म्हणायची. स्वतःची ओळ झाली की गप्प व्हायची, दुसरीला लागेल तेवढा वेळ थांबायची आणि मग पुन्हा आपली ओळ. लहानपणी मला वाटायचं गाणंच तसं आहे. मोठी झाल्यावर कळलं, आणि त्यानंतर मला ते ऐकवेना.

बाहेर कुणी विचारलं तर ती सांगायची, "ग्रीक." पासपोर्टवर तेच होतं. रविवारी ग्रीकांच्या चर्चमध्ये जायची, तिथे ग्रीक बोलायची. घरी येऊन दार लावलं, पडदा ओढला की तिची खरी भाषा सुरू व्हायची. ग्रीक लोक तिच्या लोकांना व्लाख म्हणायचे, अर्धं हसत. ते स्वतःला आर्मन म्हणायचे. डोंगरातले मेंढपाळ लोक. भाषा लॅटिनच्या घरातली, रुमानियनची चुलतबहीण शोभावी अशी. लिहिलेली क्वचितच, बोललेली फक्त चुलीपाशी. शाळेत ही भाषा तोंडातून निघाली तर मास्तर हातावर छडी मारायचे, ते तिने मला हात पुढे करून दाखवलं होतं. पुढे युद्धात गाव जळालं, नवरा-बायको भटकत इथे आले, नवरा होजिअरीच्या कारखान्यात राबून राबून गेला.

तिला एक मुलगा होता, याणी. मला आठवतं तेव्हापासून तो बेसिंगस्टोकला नोकरीला होता, इंग्रज बायको, सूट, महिन्यातून एकदा येणारा. स्वतःच्या आईशी तो इंग्रजीत आणि तुटक ग्रीकमध्ये बोलायचा. एकदा मी विचारलं, "तेता, याणीला आपली भाषा का नाही येत?" मी 'आपली' म्हटलं, हे आता लिहिताना लक्षात येतंय. तिने लाटणं थांबवलं नाही. म्हणाली, "मी दिलीच नाही. दिली असती तर जिथे गेला असता तिथे हिच्यापायी मार खाल्ला असता."

"मग मला का दिलीस?"

तिने पिठाच्या हाताने माझा गाल धरला. "तुला बघून लोकांनी जे म्हणायचं ते आधीच म्हणतात, पोरी. तुझं हिने आणखी काय वाईट होणार?" आणि हसली. मीही हसले. काय हसण्यासारखं होतं देव जाणे.

आता तिच्या गाठोड्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तेताच्या लोकांना दोन गावं असायची. उन्हाळ्यात मेंढरांसकट वर डोंगरातलं गाव, हिवाळ्यात खाली मैदानातलं. एप्रिलात सेंट जॉर्जच्या सणाला वर चढायचं, ऑक्टोबर सरताना सेंट दिमित्रीच्या सणाला खाली उतरायचं. सगळा गाव एकदम निघायचा. घोंगड्यांची गाठोडी खेचरांवर, लहान मुलं टोपल्यांत, म्हातारी माणसं खोगिरावर दोरीने आवळून बांधलेली, पडू नयेत म्हणून. मागे बर्फात बंद गाव आणि दोन-चार राखणदार. ज्यांना खेचरावरही बसवेना त्यांना त्या राखणदारांजवळ ठेवायचे. तेताच्या आजीला असं ठेवलं होतं. ती दारात उभी राहून ओरडत होती आणि खाली उतरणाऱ्यांनी मागे बघायचं नाही असं ठरलेलं होतं. तेता तेव्हा टोपलीत होती. ती म्हणायची, मी टोपलीत होते, मला मागेच दिसत होतं.

म्हणून नॉटिंगहॅमच्या त्या घरात दर एप्रिलला आणि दर ऑक्टोबरला तेता घोंगड्या धुऊन वाळवायची, चार टोकांची गाठ मारून गाठोडी बांधायची, दाराशी रचायची आणि एक रात्र जमिनीवर झोपायची. दुसऱ्या दिवशी सगळं सोडून पुन्हा जागच्या जागी. कुठे जाणं नाही, येणं नाही. मी लहानपणी त्या गाठोड्यांवर बसून खेचर हाकायची. याणीला याची लाज वाटायची, तो त्या आठवड्यांत यायचंच टाळायचा. आई म्हणायची, "बाईचं डोकं जरा सरकलंय, पण जीव लावते हो."

जीव लावणं आईला सोसतही होतं आणि सोसत नव्हतंही. मी झोपेत तेताच्या भाषेत बडबडायची. आईने ते एकदा ऐकलं आणि सकाळी बाबांपुढे रडली. "माझ्या पोटची पोर, आणि स्वप्नं दुसरीच्या भाषेत बघते!" मग माझी मराठी सुरू झाली. तांब्याचं भांडं चिंचेने घासावं तशी घासघासून आईने ती चकचकीत केली. शिफ्टवरून पाय सुजून यायची तरी मला समोर बसवून बोलायला लावायची. आज मी हे मराठीत लिहितेय ते तिच्या सुजलेल्या पायांवर. पण तेताकडे जाणं मी सोडलं नाही, आणि आईनेही शेवटपर्यंत 'जाऊ नकोस' म्हटलं नाही.

मी सोळा वर्षांची असताना, ऑक्टोबरातच, तेताला झटका आला. दूधवाल्याला ती मागच्या अंगणात पडलेली सापडली. हॉस्पिटलात नेलं, जीव वाचला, उजवा हात गेला. मला भेटायला न्यायला आई का कू करत होती; वॉर्ड मोठ्या माणसांचा, माझी परीक्षा, असलं काहीबाही. मग एका दुपारी ती युनिफॉर्मवरच घरी आली, कोटसुद्धा न काढता खुर्चीत बसली आणि म्हणाली, "नली, तेताला कुणाचंच काही कळत नाहीये. तिचंही कुणाला कळत नाहीये. ग्रीक इंटरप्रिटर बोलावला होता. तो म्हणाला ही ग्रीक बोलतच नाहीये, नुसती बरळतेय. डॉक्टर म्हणतात मेंदूच गेला. बेडवरची ब्लँकेट्स ओढते, एका हाताने आणि दातांनी गाठी मारते, पळून जायला बघते. गावाबाहेरच्या लाँग-स्टेमध्ये पाठवताहेत, बरे न होणारे पेशंट कायमचे ठेवतात तिथे. याणी आलाय. तो हो म्हणणार आहे."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. सेंट दिमित्री जवळ आला होता.

"आई, ती पळून जात नाहीये," मी म्हटलं. "ती सामान बांधतेय."

आईने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं, गाठोडी तीही वर्षानुवर्षं बघत आली होती. वॉर्डमधल्या पांढऱ्या ब्लँकेटमध्ये तिला ती ओळखू आली नव्हती एवढंच. "चल," ती उठली. "स्वेटर घाल आणि चल. तिथे मी बोलेन, तू फक्त तेताशी बोल."

वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. खिडकीतून सगळं शहर खाली पसरलेलं दिसायचं, धुरकट. तेता पलंगावर इतकीशी झाली होती. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, पायाशी एक गाठोडं. याणी खिडकीशी उभा, हातात हॅट. आईने सिस्टरला सांगितलं, "ही माझी मुलगी. हिला पेशंटची भाषा येते." सिस्टर म्हणाली, "पण तुम्ही तर इंडियन ना?" आई म्हणाली, "हो. तरीही येते." त्या 'तरीही'त आईचा सगळा जुना राग होता, आणि त्याच्याखाली पहिल्यांदाच थोडा तोरा.

मी कठड्यावरून वाकले आणि म्हटलं, "तेता, मी आले. का रडतेस?"

तिचं तोंड वाकडं झालं होतं, डावा डोळा तेवढा जिवंत. त्याने मला धरलं. आणि ती बोलायला लागली. बरळणं कसलं! शब्द ओढत होती, पण एकेक शब्द जागच्या जागी होता. ग्रीक गेलं होतं, ते थोडंसं इंग्रजी गेलं होतं, घरातली भाषा तेवढी उरली होती. सांगत होती की सगळे खाली उतरले, खेचरं गेली, घंटा ऐकू येईनाशा झाल्या. मला इथे वर ठेवलंय. आता बर्फ पडेल. ही पांढऱ्या कपड्यातली माणसं राखणदार आहेत, वाईट नाहीत, पण माझी गाठोडी सोडतात. मी खोगिरावर बसू शकते, पोरी, त्यांना सांग. मला नीट बांधा म्हणावं, मी पडणार नाही. "नु मी आलासा," ती म्हणाली. मला सोडून जाऊ नका. हेच ती कितीतरी दिवस सगळ्या वॉर्डाला सांगत होती.

याणी जवळ आला. "काय म्हणतेय?" त्याने विचारलं. मी आईकडे बघितलं. आईने डोळ्यांनीच सांगितलं, सांग.

मी सांगितलं. आजीचं, बंद गावाचं, खेचरांचं, सगळं. तो मधेच म्हणाला, "कुठली आजी?" त्याला ती गोष्टच ठाऊक नव्हती. ती गोष्ट त्याच भाषेत होती ना. त्याच्या आईची ही गोष्ट मला माहीत होती, मला, शेजारच्या कोण कुठल्या पोरीला, आणि त्याला नव्हती. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. आधी रागाने लाल झाला. "तुला का शिकवलं तिने? मला का नाही?" सूट घातलेला मोठा माणूस, आणि आवाज शाळकरी पोराचा. खरं उत्तर मला ठाऊक होतं. मी ते दिलं. "तुम्हाला मार बसू नये म्हणून."

तो पलंगाशेजारच्या खुर्चीत बसला आणि रडला. आई त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, आपल्याकडच्या बायका ठेवतात तशी. सिस्टरने पडदा ओढून घेतला. मग त्याने नाक पुसलं आणि मला म्हणाला, "मी आलोय, आपण निघतोय, हे कसं म्हणायचं?"

"निघूया, आई, एवढंच म्हणा," मी म्हटलं. "फुद्झिम, दादो." त्यांच्यात आईला दादा म्हणतात, हाक मारताना दादो.

त्याने म्हटलं. अगदीच वाईट म्हटलं, इंग्रजी जिभेने, सगळे आघात भलतीकडे. तेताने मान वळवली. आधी बघत राहिली, जणू कुणी फार लांबून हाक मारतंय. मग तिने डावा हात कठड्यावर टाकला आणि उठून बसायला लागली. आई आणि सिस्टर दोघी धावल्या. ती बसली. पायाकडे बोट दाखवलं, गाठोडं. याणीने ते उचलून छातीशी धरलं.

डॉक्टर नको म्हणत होते. घरी कोण बघणार, किती दिवस बघणार, हे त्यांचे प्रश्न खोटे नव्हते. याणी कधी नव्हे तो हट्टाला पेटला. आईने सांगितलं, शेजारीच राहते, शिफ्ट संपली की मी बघेन. शेवटी सेंट दिमित्रीच्या सकाळी त्याने तिला आपल्या गाडीत पुढच्या सीटवर बसवलं, गाठोडं मांडीवर, मी मागे. त्याने तिचा सीटबेल्ट लावला. तेताने डाव्या हाताने पट्टा ओढून बघितला आणि कुरकुरली. मी म्हटलं, "घट्ट करा, नीट बांधा म्हणतेय." त्याने पट्टा आवळला. तिने डोळे मिटले. हॉस्पिटलपासून आमच्या रस्त्यापर्यंत सगळा उतारच आहे.

घरी ती फार जगली नाही. बर्फ पडायच्या आत गेली. पण त्या दिवसांत ती याणीशी बोलायची, तासन्‌तास, तिच्या भाषेत, तो पलंगाशी बसून मान डोलवायचा. एकदा मी अर्थ सांगायला तोंड उघडलं तर त्याने हातानेच थांबवलं. "राहू दे," म्हणाला. "माझ्याशी बोलतेय ना." त्या वेळी मला ते कळलं नाही, थोडा रागच आला. इतकं सगळं सांगत होती बाई आणि ते सगळं वाया चाललं होतं. मी जे ऐकलं तेवढं माझ्यापाशी आहे. बाकी भिंतींनी ऐकलं, आणि त्या भिंतीही पुढे कौन्सिलने पाडल्या.

त्यानंतर मी ती भाषा कुणाशी बोललेले नाही. बोलणार कुणाशी? स्वयंपाक करताना एकटीच पुटपुटते, कधी तेताची एखादी ओळ म्हणते आणि पुढच्या ओळीची जागा सोडून थांबते. आई-बाबा गेले, माझे हेही गेले. माझी केतकी बेसिंगस्टोकला आयटीत आहे. तिची मराठी फोनपुरती, नातीची 'आजी, मी पाणी पिला' इतपत. याणी तिथेच असतो, केतकीच्या घरापासून दोन रस्ते सोडून, आता अगदी म्हातारा. ऑक्टोबर सरताना त्याचा फोन येतो. "बांधलंस का?" एवढंच विचारतो. मी दाराशी एक गाठोडं बांधून ठेवलेलं असतं. हो म्हणते.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला नाही. केतकीला जाऊन बघायला सांगितलं. तिचा फोन आला, याणीकाका हॉस्पिटलमध्ये आहेत, फारसं बोलत नाहीत. मी तिला म्हटलं, "केतू, ऐक. उद्या मला झटका आला तर आधी माझी इंग्रजी जाईल, मग मराठीही जाईल. मी काहीतरी अगम्य बोलायला लागले तर आई बरळतेय असं कुणाला म्हणू देऊ नकोस. मी शुद्धीत असेन."

"आई, प्लीज! असलं काय बोलतेस?"

"याणीकाकांना बोलाव म्हणणार होते. त्यांना एक वाक्य येत होतं. आता ते तुला यायला हवं."

तिकडे केटल उकळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सांग."

मी सांगितलं. तिने म्हटलं, सगळे आघात भलतीकडे. एरवी मी कुणाचं चुकलेलं ऐकून घेत नाही. पण याणीचंही असंच चुकलं होतं, आणि तेता उठून बसली होती. मी म्हटलं, "बरोबर आहे. आता जा, आणि याणीकाकांच्या कानाशी नुसतं 'फुद्झिम' म्हण."